बुलेट क्लस्टर: गॅस एकीकडे, गुरुत्वाकर्षण दुसरीकडे

डार्क मॅटरवर, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते अशा द्रव्यावर, कुठेही चर्चा सुरू झाली की गाडी आधी दीर्घिकांच्या फिरण्यावर येते. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये देवयानी दीर्घिका किती वेगाने फिरते त्याचं मोजमाप छापलं, पुढच्या काही वर्षांत अशा कितीतरी दीर्घिका मोजल्या गेल्या आणि सगळीकडे तेच दिसलं, कडेला वेग कमी व्हायला हवा तो होतच नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1933 मध्ये, फ्रिट्झ झ्विकीने कोमा क्लस्टरबद्दल (क्लस्टर म्हणजे दीर्घिकांचा मोठा समूह) लिहिलं होतं की इथल्या दीर्घिका एवढ्या जोरात पळतायत की नुसत्या दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर हा क्लस्टर एकत्र राहूच शकत नाही. हे सगळं सांगून झालं की समोरचा एक प्रश्न विचारतो आणि तो अगदी रास्त प्रश्न आहे: वस्तुमान कमी पडतंय हे कशावरून, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असेल तर? मोर्डेहाय मिलग्रोमने 1983 मध्ये नेमकं हेच मांडलं, त्याला मॉन्ड म्हणतात, आणि एकेकट्या दीर्घिकांच्या बाबतीत ते गणित खरोखर छान जुळतं, ते नाकारण्यात काही अर्थ नाही.

अडचण अशी की शांत बसलेल्या दीर्घिकेत किंवा क्लस्टरमध्ये या दोन उत्तरांमधला फरक काढायला जागाच नसते. तारे मध्यभागी, गॅसचा मध्यही तिथेच, आणि डार्क मॅटर असलंच तर त्याचाही मध्य तोच. मग जास्तीचं गुरुत्वाकर्षण दिसलं की एक म्हणणार न दिसणारं काहीतरी आहे, दुसरा म्हणणार दिसतंय त्याचीच ओढ जास्त आहे, आणि दोघांचं गणित बसतं. हे सोडवायचं तर अशी जागा पाहिजे जिथे दिसणारं द्रव्य आणि न दिसणारं द्रव्य एकमेकांपासून अलग झालंय. प्रयोगशाळेत हे करता येत नाही, पण आकाशात एका ठिकाणी ते झालंय, आणि म्हणून मला वाटतं की डार्क मॅटरचं एकच प्रकरण खोलात वाचायचं असेल तर ते बुलेट क्लस्टरचं वाचावं.

जागा आणि शोध

कॅटलॉगमधलं नाव 1ई 0657-56. कॅरिना तारकासमूहात, म्हणजे आपल्या नौकातलात. थंडीच्या दिवसांत रात्री दक्षिणेला खाली एक झगझगीत तारा दिसतो ना, अगस्ती, त्याच्यापासून साधारण 6 अंशांवर ही जागा आहे. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास पुण्याहून बघितलं तर ती क्षितिजावर 15 अंशांच्या आसपास येते, अर्थात साध्या डोळ्यांना तिथे काहीही दिसणार नाही. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती लाल बाजूला सरकलाय त्याचं माप, 0.296 आहे, त्यावरून अंतर साडेतीनशे ते चारशे कोटी प्रकाशवर्षं, तुम्ही अंतर कुठल्या पद्धतीने सांगता त्यावर आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

हा क्लस्टर पहिल्यांदा टिपला तो आइन्स्टाइन नावाच्या एक्स-रे उपग्रहाने, जो 1978 मध्ये सोडला होता. पुढे वॉलेस टकर, हार्वी टाननबॉम आणि रॉन रेमिलार्ड जुन्या एक्स-रे नोंदी चाळत होते आणि त्यांना हवे होते ते 'फसलेले' क्लस्टर, म्हणजे असे की ज्यात गरम गॅस भरपूर आहे पण दीर्घिका दिसत नाहीत. 1995 मध्ये त्यांचा तो शोधनिबंध आला. ही वस्तू त्यांना तशी वाटली होती, पण मोठ्या दुर्बिणीतून नीट बघितल्यावर कळलं की इथे दीर्घिका खच्चून भरल्यायत, फक्त फार लांब असल्याने फिकट दिसतायत. 1998 मध्ये त्याच गटाने याच्या गॅसचं तापमान सांगितलं आणि ते तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या क्लस्टरांमध्ये सर्वात वरच्या रांगेत होतं, दहा कोटी अंशांच्याही बरंच वर. गॅस एवढा तापलाय म्हणजे तिथे काहीतरी मोठी उलथापालथ झालेली असणार हे तेव्हाच लक्षात आलं.

मग आली चंद्रा दुर्बीण. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेला हा उपग्रह 1999 च्या जुलैमध्ये वर गेला, आणि 2000 मध्ये त्याने या क्लस्टरकडे पहिल्यांदा बघितलं. 2002 मध्ये मॅक्सिम मार्केविच आणि सहकाऱ्यांनी जे चित्र छापलं ते बघूनच बुलेट हे नाव पडलं: एका मोठ्या गॅसच्या ढगातून पश्चिमेच्या बाजूला बाहेर पडलेला एक छोटा, टोकदार, दाट ढग, आणि त्याच्या पुढे धनुष्यासारखी वाकलेली एक कड.

या कडेवर थोडं थांबायला हवं, कारण टक्कर झाली हे ती सिद्ध करते. चित्रात दोन कडा आहेत. आतली कड गोळीची स्वतःची, तिथे आत गेलं की गॅस दाट होतो पण थंड होतो (थंड म्हणजे त्या जगातला थंड, काही कोटी अंश). बाहेरची कड मात्र वेगळी, तिथे बाहेरून आत आलं की गॅस एकदम दाटही होतो आणि एकदम तापतोही. दाट आणि गरम दोन्ही एकाच वेळी, ही शॉक वेव्हची खूण आहे, सुपरसॉनिक विमानाच्या पुढे असते तशीच. घनता कितीपट उडी मारते त्यावरून मॅक नंबर, म्हणजे वेग तिथल्या ध्वनीच्या कितीपट आहे तो आकडा, काढता येतो, इथे घनता साधारण तिप्पट होते आणि मॅक नंबर निघतो 3 च्या आसपास. त्यावरून शॉक वेव्हचा वेग सेकंदाला 4,700 किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्यावरून पुढे बराच गोंधळ झालाय.

म्हणजे चित्र असं की दोन क्लस्टर, एक मोठा आणि एक त्याच्या साधारण दहाव्या भागाएवढा, समोरासमोर येऊन एकमेकांतून आरपार गेले आणि आपण ते बघतोय त्या क्षणाच्या 10 ते 15 कोटी वर्षं आधी ते ऐन मध्यातून गेले होते. दोन्ही क्लस्टरांच्या दीर्घिकांचे घोळके आता एकमेकांपासून जवळपास साडेतेवीस लाख प्रकाशवर्षांवर आहेत, आपल्यापासून देवयानी जेवढी लांब आहे साधारण तेवढेच. आणि नशीब बघा, ही टक्कर आपल्या नजरेच्या रेषेत नाही तर आडवी झालीय. राफाएल बारेना आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दीर्घिकांचे वेग मोजले तेव्हा दोन घोळक्यांच्या आपल्या दिशेच्या वेगात फक्त 600 किलोमीटर प्रतिसेकंदाचा फरक निघाला, हजारो किलोमीटरच्या वेगापुढे हे अगदी किरकोळ, म्हणजे जवळजवळ सगळी हालचाल आकाशाच्या पडद्यावर डावीउजवीकडे चालू आहे. हीच टक्कर आपल्या दिशेने झाली असती तर सगळं एकावर एक दिसलं असतं आणि काहीच अलग काढता आलं नसतं.

आधी हिशोब, मग मोजमाप

आता मुख्य मुद्दा. क्लस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दीर्घिका येतात पण त्यांचं वजन फार नसतं. अशा क्लस्टरमध्ये ताऱ्यांचं वस्तुमान एकूण वस्तुमानाच्या 1-2 टक्के, आणि दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला तो गरम गॅस 5 ते 15 टक्के. म्हणजे साध्या द्रव्यापुरतं बोलायचं तर गॅस हाच मालक, तारे त्याच्यापुढे किरकोळ. हे नीट डोक्यात बसलं पाहिजे कारण सगळं प्रकरण यावर उभं आहे.

टक्कर झाल्यावर काय होईल? दीर्घिका एकमेकांपासून एवढ्या लांब लांब असतात की त्या एकमेकींच्या मधून सरळ निघून जातात, अडवायला काही नाही. गॅसचं तसं नाही, तो गॅसवर आपटतो, दाब येतो, शॉक बसतो, तापतो, मंदावतो, मागे राहतो. म्हणजे टकरीनंतर दीर्घिका पुढे आणि गॅस मागे, हे चंद्रा दुर्बिणीच्या आणि साध्या दुर्बिणींच्या चित्रात सरळ दिसतंच.

आता विचारा, गुरुत्वाकर्षणाचा मध्य कुठे असेल? डार्क मॅटर नसेल तर साध्या द्रव्यात गॅस सगळ्यात जड, तेव्हा ओढ गॅसच्या जागी सर्वात जास्त हवी, म्हणजे मागे. डार्क मॅटर असेल आणि ते कशाशीही आपटत नसेल तर ते दीर्घिकांसारखंच आरपार गेलेलं असणार, म्हणजे ओढ पुढे, दीर्घिकांच्या जागी हवी. दोन उत्तरं आणि दोन वेगळ्या जागा. इतका साफ प्रश्न खगोलशास्त्रात फार क्वचित मिळतो.

ओढ कुठे आहे हे मोजायचं साधन म्हणजे गुरुत्वीय लेन्सिंग. क्लस्टरच्या मागे, त्याच्याहून खूप लांब असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्याकडे येताना क्लस्टरच्या वस्तुमानामुळे किंचित वाकतो आणि त्या दीर्घिकांचे आकार किंचित ताणलेले दिसतात. मधोमध जिथे ओढ जोरदार असते तिथे त्यांचे लांबलचक कंस बनतात, पण बाकी बहुतेक भागात ताण इतका बारीक असतो की एका दीर्घिकेकडे बघून काहीच सांगता येत नाही, कारण दीर्घिका मुळातच लांबट-तिरक्या असतात. पण ज्वारीच्या शेतात एक ताट कुठे झुकलंय त्यावरून वारा कळत नाही आणि सगळ्या शेताचा कल बघितला की लगेच कळतो, तसंच इथे शेकडो-हजारो दीर्घिकांच्या आकारांची सरासरी काढली की प्रत्येकीचा स्वतःचा तिरकेपणा एकमेकांत जिरून जातो आणि उरतो तो फक्त लेन्सने दिलेला ताण. त्यावरून उलटं गणित करून वस्तुमानाचा नकाशा बनतो.

या पद्धतीचं मोठेपण लोकांच्या लक्षात येत नाही. झ्विकीच्या पद्धतीत क्लस्टर शांत आणि स्थिरावलेला आहे असं धरावं लागतं, एक्स-रे गॅसच्या तापमानावरून वजन काढायचं तरी तेच. इथे तर टक्कर चालू आहे, काहीच स्थिर नाही, ती दोन्ही गणितं इथे लंगडी पडतात. लेन्सिंगला याचं काही देणंघेणं नसतं, द्रव्य गरम आहे की थंड, पळतंय की बसलंय, दिसतंय की नाही, काहीही असो, प्रकाश किती वाकला एवढंच ते बघतं.

डग्लस क्लो, अँथनी गोन्झालेझ आणि मार्केविच यांनी 2004 मध्ये पहिला नकाशा काढला, चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या आधीच घेऊन ठेवलेल्या छायाचित्रांवरून. ओढीचा मध्य गॅसपासून सरकलेला दिसला पण खात्री पुरेशी नव्हती. मग मात्र त्यांनी जोर लावला. हबल, चिलीतल्याच मॅगेलन आणि 2.2 मीटरच्या दुर्बिणी, आणि चंद्रा दुर्बिणीकडून तब्बल 5 लाख सेकंदांचं निरीक्षण, म्हणजे जवळजवळ 140 तास एकाच वस्तूवर. ऑगस्ट 2006 मध्ये निकाल जाहीर झाला, लेखकांत क्लो, मारुशा ब्राडाच, गोन्झालेझ, मार्केविच, स्कॉट रँडल, क्रिस्टीन जोन्स आणि डेनिस झारित्स्की. निबंधाच्या नावातच त्यांनी 'प्रत्यक्ष पुरावा' असे शब्द घातले, आणि असे शब्द शास्त्रज्ञ सहसा वापरत नाहीत.

निकाल काय? लेन्सिंगच्या नकाशात दोन शिखरं, दोन्ही दीर्घिकांच्या घोळक्यांवर बसलेली, आणि दोन्ही गॅसच्या ढगांपासून स्पष्टपणे बाजूला. हे सरकणं 8 सिग्मा खात्रीचं होतं, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता नसल्यात जमा. साधं द्रव्य सगळ्यात जास्त जिथे आहे तिथे शिखर नाही, आणि जिथे साधं द्रव्य त्यामानाने कमी आहे तिथे शिखर आहे.

त्या गुलाबी-निळ्या चित्राबद्दल

हे चित्र तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलं असेल, मधे गुलाबी, दोन्ही बाजूंना निळं, आणि खाली लिहिलेलं असतं की निळं म्हणजे डार्क मॅटर. त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की कुणीतरी डार्क मॅटरचा फोटो काढलाय. असं नाहीये. गुलाबी म्हणजे चंद्रा दुर्बिणीने टिपलेले एक्स-रे, ते खरंच तिथून आलेत, रंग आपण दिलाय. निळं मात्र कुठलाच प्रकाश नाही, तो मागच्या दीर्घिकांच्या आकारांवरून गणिताने काढलेला वस्तुमानाचा नकाशा आहे, आणि त्यात सगळं वस्तुमान धरलंय, तारे, गॅस, डार्क मॅटर सगळं. फक्त त्यातलं बहुतांश वस्तुमान दिसणाऱ्या कशाच्याच खात्यावर टाकता येत नाही म्हणून त्याला डार्क मॅटर म्हणायचं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण फोटो म्हणून दाखवलं की शंका घेणारा माणूस म्हणतो रंग तुम्हीच भरलाय, आणि मग खरा युक्तिवाद बाजूलाच राहतो.

हरकती, आणि त्यातल्या किती टिकतात

पहिली हरकत अशी की मॉन्डसारख्या सिद्धांतात ओढ आणि द्रव्य यांचं नातं सरळ नसतं, तेव्हा लेन्सिंगचं शिखर द्रव्याच्या जागीच असलं पाहिजे असं नाही. गणित म्हणून हे बरोबर आहे. पण म्हणून कुणी तो हिशोब खरंच करून पाहिला का? हो, पाहिला. गॅरी आंगुस, हुआनयुआन शान, होंगशेंग झाओ आणि बेनुआ फामे यांनी 2007 मध्ये करून पाहिला, आणि हे लोक मॉन्डच्या बाजूने काम करणारे होते हे लक्षात घ्या. त्यांनाही नुसत्या बदललेल्या गुरुत्वाकर्षणावर काम भागवता आलं नाही, न दिसणारं आणि न आपटणारं द्रव्य घालावंच लागलं. त्यांनी त्यासाठी न्यूट्रिनो, म्हणजे कशाशी फारसे न आपटणारे अतिशय हलके कण, सुचवले, प्रत्येकी 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान सांगायचं एकक) वस्तुमानाचे, कारण न्यूट्रिनो असतात हे तरी नक्की माहीत आहे. कल्पना चांगली होती आणि मुख्य म्हणजे तपासता येण्यासारखी होती. जर्मनीत कार्ल्सरूहेला काट्रिन नावाचा प्रयोग ट्रिटियमच्या क्षयावरून न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजायला उभारला, त्यांनी 2022 मध्ये वरची मर्यादा 0.8 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली आणि 2025 मध्ये 0.45 वर. म्हणजे 2 चा रस्ता बंद. त्यानंतर उरतात ते स्टराइल न्यूट्रिनो वगैरे, जे अजून कुणाला सापडलेले नाहीत, आणि न सापडलेला, न दिसणारा, न आपटणारा कण घ्यायचाच असेल तर आपण डार्क मॅटरचंच बोलतोय.

मिलग्रोमचं स्वतःचं म्हणणं असं की क्लस्टरांमध्ये मॉन्डला थोडं वस्तुमान कमी पडतं हे आधीपासून माहीत होतं, बुलेट क्लस्टरने नवीन काही सांगितलं नाही, ते कमी पडणारं द्रव्य साधंच पण दाट आणि थंड ढगांच्या रूपात असू शकतं, आणि ते ताऱ्यांसारखं आरपार गेलं असेल. हे तर्काने अशक्य नाही. तेव्हा 2006 मध्ये मॉन्ड मेला असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. बुलेट क्लस्टरने जे दाखवलं ते एवढंच की न दिसणारं आणि आरपार जाणारं वस्तुमान आहे, आणि नुसता नियम बदलून ते घालवता येत नाही. पण हे 'एवढंच' सुद्धा फार मोठं आहे, कारण मूळ प्रश्नच हा होता. जॉन मॉफट आणि जोएल ब्राउनस्टीन यांनी 2007 मध्ये दुसऱ्या एका बदललेल्या गुरुत्वाकर्षणाने डार्क मॅटरशिवाय हे प्रकरण बसवून दाखवल्याचा दावा केलाय हेही सांगायला हवं, तो दावा फारशा लोकांनी स्वीकारला नाही.

दुसरी हरकत उलट्या बाजूने आली आणि ती मला जास्त गंभीर वाटते. तो 4,700 चा आकडा. डार्क मॅटरच्या प्रचलित मॉडेलमध्ये क्लस्टर एकमेकांवर इतक्या वेगाने पडायला नकोत, विश्वाला तेवढा वेळही मिळालेला नाही आणि तेवढी ओढही नाही. मग काहींनी म्हटलं की डार्क मॅटरमध्ये आपसात आणखी एखादं आकर्षण असेल. याचं उत्तर फोल्कर स्प्रिंगेल आणि ग्लेनिस फरार यांनी 2007 मध्ये संगणकावर टक्कर घडवून दिलं आणि ते वाचताना खरंच समाधान वाटतं: 4,700 हा शॉक वेव्हचा वेग आहे, गोळीचा नाही. शॉकच्या पुढचा गॅस स्वतःच गोळीच्या दिशेने आत पडत असतो, त्यामुळे शॉकचा वेग जास्त भासतो, आणि छोट्या क्लस्टरचा खरा वेग त्यांच्या हिशोबात 2,700 किलोमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघाला. तरीही प्रकरण मिटलं नाही, 2010 मध्ये जोंगहुन ली आणि इइचिरो कोमात्सू यांनी दाखवलं की टकरीच्या सुरुवातीला 3,000 चा वेग लागत असेल तर तोही मॉडेलमध्ये फार दुर्मिळ आहे. पुढे 2015 मध्ये रॉबर्ट थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी आणखी मोठ्या सिम्युलेशनमध्ये टकरणारे क्लस्टर ओळखायची पद्धत सुधारली तेव्हा अशा जोड्या पूर्वी वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळाल्या. दुर्मिळ आहे, पण अडचण म्हणावी इतकं नाही.

तिसरी गोष्ट: एकच उदाहरण पुरतं का? नाही पुरत, आणि लोकांनी बाकीचे शोधलेत. 2008 मध्ये मॅक्स जे0025 नावाच्या क्लस्टरमध्ये हेच दिसलं, ब्राडाचच्याच गटाने ते काम केलं. 2015 मध्ये डेव्हिड हार्वी आणि सहकाऱ्यांनी 30 क्लस्टरांमधल्या 72 टकरी एकत्र घेतल्या आणि न दिसणारं वस्तुमान असल्याचा निष्कर्ष 7.6 सिग्मावर काढला. पण एबेल 520 नावाचा क्लस्टरसुद्धा आहे, तिथे 2007 मध्ये डार्क मॅटरचा एक गोळा गॅसच्या जागी, दीर्घिका नसलेल्या ठिकाणी दिसल्याचं छापून आलं, जे बुलेटच्या बरोबर उलट. 2012 मध्ये एका गटाला तो गोळा पुन्हा दिसला, पण त्याच वर्षी क्लोच्या गटाने हबलच्या वेगळ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून तसा गोळा नाहीच असं म्हटलं. मला वाटतं बुलेटबद्दल बोलताना एबेल 520 लपवू नये, फक्त दोन्हीकडे पुराव्याचं वजन सारखं नाही हेही सांगावं.

आणि एक मेळ जो मला सगळ्यात पटतो. अशा मोठ्या क्लस्टरांत साधं द्रव्य एकूण वस्तुमानाच्या साधारण सातवा-आठवा हिस्सा भरतं. दुसरीकडे प्लांक उपग्रहाने विश्वाच्या पार्श्वप्रारणातल्या, म्हणजे महास्फोटानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी सुटलेल्या प्रकाशातल्या, बारीक चढउतारांवरून विश्वात साधं द्रव्य 5 टक्के आणि डार्क मॅटर साधारण 26-27 टक्के सांगितलं (उरलेलं डार्क एनर्जी, ते द्रव्यात धरत नाहीत), म्हणजे एकूण द्रव्यात साध्याचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकीकडे दीर्घिकांचे वाकलेले आकार आणि एक्स-रे, दुसरीकडे मायक्रोवेव्ह, पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि उत्तरं शेजारीशेजारी येऊन बसतात. नुसता बुलेट क्लस्टर असता तर पळवाटा काढता आल्या असत्या, नुसतं पार्श्वप्रारण असतं तरी काढता आल्या असत्या, दोन्हींना एकाच वेळी चुकवणं फार अवघड आहे.

आरपार गेलं म्हणजे किती आरपार?

हे प्रकरण डार्क मॅटर आहे एवढ्यावर थांबत नाही, ते कसं आहे यावरही थोडं बोलतं. डार्क मॅटरचे कण आपसात आपटत असते तर तेही गॅससारखे थोडे मागे रेंगाळले असते आणि शिखर दीर्घिकांच्या थोडं मागे दिसलं असतं. तसं दिसलं नाही. त्यावरून रँडल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये मर्यादा काढली, दर ग्रॅम डार्क मॅटरमागे आपटण्याचं क्षेत्रफळ 1.25 चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी, आणि टकरीत छोट्या क्लस्टरचं वस्तुमान सांडलेलं दिसत नाही यावरून आणखी घट्ट म्हणजे 0.7.

आता हे आकडे ऐकून वाटतं की डार्क मॅटर अजिबात आपटत नाही हे ठरलं. थांबा. प्रोटॉनएवढ्या वजनाचा कण घेतला तर 1.25 म्हणजे साधारण 2 बार्न होतात, आणि अणुकेंद्रातल्या कणांच्या टकरींसाठी हे अगदी नेहमीचं माप आहे. म्हणजे डार्क मॅटरचे कण एकमेकांवर न्यूट्रॉन-प्रोटॉन आपटतात तितक्या सहज आपटत असले तरी ते या मर्यादेच्या आसपासच बसतात. डार्क मॅटर गॅससारखं अडून मागे राहतं की नाही हे बुलेट क्लस्टर सांगतो, ते पूर्ण निरुपद्रवी आहे असं नाही सांगत. तो कण कोणता हे तर तो मुळीच सांगत नाही, आणि जमिनीखाली लक्स-झेप्लिन किंवा झेनॉन-एनटीसारखे प्रयोग त्याची वाट बघतायत त्यांच्या हाती अजून काही लागलेलं नाही.

2025 च्या जूनअखेर जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून बुलेटचा नवा नकाशा आला, सांगजुन चा आणि जेम्स जी यांच्या गटाचा. वेबला मागच्या फिकट दीर्घिका इतक्या जास्त दिसतात की नकाशा पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक झालाय. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, कुठल्याच दीर्घिकेचे नसलेले, क्लस्टरमध्ये मोकळे सुटलेले तारे असतात, त्यांचा मंद प्रकाश डार्क मॅटरच्या नकाशाशी छान जुळतो, तेव्हा पुढे जिथे लेन्सिंग अवघड आहे तिथे हा प्रकाश वाट दाखवू शकेल. दुसरी, मोठ्या क्लस्टरचं वस्तुमान एका गोल ढिगाऱ्यासारखं नाही, ते लांब ताणलेलं आणि गाठीगाठींचं आहे, म्हणजे तो या टकरीआधीही कशाकशात मिसळलेला असणार. रँडलच्या सिम्युलेशनमध्ये दोन साधे गोल क्लस्टर एकदाच टकरवलेले होते. तेव्हा 1.25 आणि 0.7 हे आकडे आता या गाठीगाठींच्या क्लस्टरवर पुन्हा काढावे लागणार, आणि मला विचाराल तर पुढचं खरं काम तिथेच आहे, कारण डार्क मॅटर आहे का हा वाद या क्लस्टरने जवळजवळ संपवलाय पण ते आपसात किती आपटतं याचा वाद अजून पुरता सुरूही झालेला नाही.